कोण होतं दारापाशी

आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही.

या पेजवरच्या कथा माझी नातसून मला वाचून दाखवते. बहुतेकांत अमावस्या असते, घड्याळात बारा वाजलेले असतात, कुत्री रडत असतात. असेल बुवा. माझ्या आईवर जे गुदरलं, ते पूस महिन्यातल्या लख्ख उन्हात गुदरलं. दार उघडं होतं. बाहेरून माणसं येत-जात होती.

आणि हे खरं आहे. पटत नसेल तर खुशाल पुढची कथा वाचा. माझं वय चौऱ्याऐंशी. खोटं बोलून मला काय मिळायचंय?

साल १९४१. गाव केशोरीपासून दोन कोसांवर. नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथंच राहतो, आमची माणसंही राहतात आणि त्यांना ते आवडणार नाही.

माझी आई देवकाबाई तेव्हा सतरा-अठराची होती. मी चार महिन्यांचा, अंगावर पिणारा. वडील, श्यामलाल, धानाच्या गाड्या घेऊन गोंदियाला गेले होते. घरी आजोबा बकाराम, आजी रुख्मा, आई आणि मी. बस, एवढीच माणसं.

तेव्हा मालगुजारी होती. गाव मालगुजाराचं, तलाव त्याचा, जंगल त्याचं. त्याच्याकडे लग्न निघालं की घरटी एक बाई त्याचं धान कांडायला जायची. फुकट. याला बेगार म्हणत. नाही म्हणायची सोय नव्हती.

त्या सकाळी कोतवाल नंदलाल आमच्या दारात आला.

"बकाराम भाऊ, आज तुमच्या घरची पाळी हाय. नवी कोठी धानानं भरली, म्हून जुनी उघडून राहिलो."

आजोबा शेकोटीवर हात शेकत होते. त्यांचे हात तिथंच थांबले.

"जुनी कायले?"

"मालकाचा हुकूम."

नंदलाल गेला. सासरा सुनेशी सहसा बोलत नसे, म्हणून आजोबा आजीकडे तोंड करून म्हणाले, "तिले तिथं पाठवू नोको."

"काऊन?"

आजोबांनी शेकोटीत काटकी सारली.

"मंग मालगुजाराले काय सांगू? आमचे बुढे नाही म्हणून राहिले? शेत काढून घेतलं मंजे काय खासाल?"

 शेत म्हटलं की आजोबा नेहमीच गप्प होत.

आजीचा गुडघा धरला होता. जाणं आईलाच भाग होतं. तिनं मला पाजलं, गोधडीत गुंडाळलं आणि आजीच्या मांडीवर दिलं.

"सूर्य डोक्यावर यायच्या आत येतो, आत्याबाई. तोवर त्याले भूक नाही लागत."

पुढचं समजायला कांडणाची एक रीत माहीत हवी. आमच्याकडे एका उखळाभोवती तिघी उभ्या राहत. तीन मुसळं एकामागून एक पडत, गाण्याच्या चालीवर. एखादी दमली तर तिनं मुसळ खाली ठेवायचं नाही. गाणं चालू असताना मुसळ भुईला टेकवणं अशुभ. ते दुसरीच्या हातात द्यायचं आणि मगच बाजूला व्हायचं. पोरींना लहानपणापासून हेच शिकवलेलं असे. समोरून मुसळ आलं की घ्यायचं. विचारायचं नाही.

जुनी कोठी मातीच्या जाड भिंतींची होती. खिडकी एकही नाही. दार एकच, दोन फळ्यांचं. कुलूप गंजलं होतं. नंदलालनं दगडानं ठोकून ठोकून ते उघडलं.

"बाकीच्या दोघी येऊनच राहिल्या. तू बस तोवर," असं म्हणून तो निघून गेला.

आई उंबरठ्यावर बसली. पाठीवर ऊन. समोर कोठीतला काळोख...

धप्प.

आईनं मान वर केली.

धप्प... धप्प... धप्प.

तीन मुसळं. आतल्या टोकाला कांडण सुरू झालं होतं.

"आल्या काय वं बाई तुमी?" आईनं विचारलं.

कांडण चालूच राहिलं.

कुलूप तर आत्ताच उघडलं, मग आत कोण, हे तुम्हाला लगेच सुचलं असेल. आईला नाही सुचलं. बेगारीवर आलेल्या बाईला कामाचा आवाज ऐकू आला की ती उठून कामाला लागते. तशी ती उठली आणि आत गेली.

उखळाभोवती तिघी होत्या. पदर नाकापर्यंत ओढलेले. त्या हळू आवाजात गात होत्या, एकेक ओळ एकेकीची.

"देवाच्या कचेरीत, नाही कोणी चपराशी..."

"आमी जाऊ अनवाणी, आमी जाऊ गा उपाशी..."

"देव पुसल एकेकाले, कोण होतं दारापाशी?"

तिसरी ओळ झाली की मुसळं तीन वेळा नुसतीच पडत. शब्द नाही. कोणी काही बोलेल म्हणून वाट पाहत असल्यासारख्या त्या थांबत. मग पुन्हा पहिल्यापासून.

आईला ते गाणं आवडलं. हे ती आवर्जून सांगायची. बेगारीत बाया सासू-नणंदेचं गात, माहेराचं गात. मालगुजाराच्याच कोठीत उभं राहून देवाच्या कचेरीचं गाणं म्हणायची हिंमत तिनं पाहिली नव्हती. जिथं चपराशी अडवत नाही, जिथं उपाशी माणसाला आधी विचारतात, अशी कचेरी कुठंतरी आहे. तिला फार बरं वाटलं.

जवळची बाई थांबली. तिनं आपलं मुसळ आईपुढं धरलं.

आईनं घेतलं.

मुसळ गार होतं. लाकूड इतकं गार लागत नाही.

त्या बाईनं आपले रिकामे तळवे पाहिले. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग ती दाराकडे चालू लागली. उंबरठा ओलांडून उन्हात गेली...

उंबरठ्यावर तिची सावली पडली नाही.

आईनं ते पाहिलं. हात मात्र कांडत होते.

मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. बांगड्या फक्त तिच्याच वाजत होत्या. थंडीत तिच्या तोंडातून वाफ निघत होती, त्या दोघींच्या तोंडून नाही. धान कांडताना कोंड्याची धूळ उडून नाक भरतं, इथं धूळ उडतच नव्हती. तिनं वाकून उखळात पाहिलं.

धान नव्हतं. नुसता जुना, काळा पडलेला कोंडा.

गेलं अशुभ खड्ड्यात, असं म्हणून तिनं मुसळ टाकायचं ठरवलं. बोटं उघडेनात. तिचीच बोटं, पण ऐकेनात.

पहिलीनं पहिली ओळ म्हटली. दुसरीनं दुसरी. आणि आईच्या तोंडून, तिनं न म्हणता, तिसरी आली.

"देव पुसल एकेकाले, कोण होतं दारापाशी?"

धप्प... धप्प... धप्प.

पुन्हा पहिल्यापासून.

दार उघडंच होतं. दहा पावलांवर ऊन होतं. दारातून एक शेळी आत डोकावली आणि लगेच पळाली. उन्हाचा पट्टा आधी आतपर्यंत आला होता, तो सरकत सरकत उंबरठ्याशी गेला. सूर्य डोक्यावर आला. आईला पान्हा फुटला, चोळी भिजून गेली. तिकडे मी रडत असणार, हे तिला इकडे कळत होतं, आणि ती कोंडा कांडत होती.

मग उशिरा का होईना, दाराशी दोन बाया आल्या. बेगारीच्या खऱ्या सोबतिणी. सुशिलाबाई, पन्नाशीची, आणि तिची सून शकुंतला.

"सुशिलाबाई, मले बाहेर काढा!" असं आई ओरडली.

तोंडातून निघालं, "देव पुसल एकेकाले, कोण होतं दारापाशी?"

सुशिलाबाईनं सरळ आईकडे पाहिलं. तिला आई दिसली नाही. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"आत कोणी नाही वं. चाल इथून."

"मंग गाणं कुठून येऊन राहिलं, आत्याबाई?"

"मी म्हणतो चाल!"

दोघी पळाल्या. थोड्या वेळानं नंदलाल आला. आई जीव तोडून ओरडली आणि पुन्हा तेच गाणं निघालं. नंदलालनं कान दिला. मग त्यानं दोन्ही फळ्या ओढल्या...

आणि कुलूप घातलं.

काळोख झाला. आई म्हणायची, काळोखाची भीती नव्हती रे. गाण्याची वाटायला लागली. त्या दोघी अजून तितक्याच आशेनं म्हणत होत्या. दर वेळी तिसऱ्या ओळीनंतर थांबत होत्या. कोणीतरी ऐकेल, कोणीतरी उत्तर देईल. आणि ऐकणारा तर कुलूप घालून गेला होता.

इकडे सुशिलाबाई आमच्या घरी आली. "रुख्मा, जुनी कोठी गाऊन राहिली," एवढंच म्हणाली. मी आजीच्या मांडीवर रडून रडून निळा पडलो होतो. आजोबा उठले. काठीसुद्धा घेतली नाही.

आईला आतून पावलं ऐकू आली. दाराखालच्या फटीत दोन पायांची सावली आली. ती तिथंच राहिली. बराच वेळ.

"देवका?"

सासऱ्यानं तिला नावानं हाक मारायची ती पहिलीच वेळ.

आईला "मामंजी" म्हणायचं होतं. तिच्या तोंडून गाणं निघालं. तीन मुसळं पडली. बाहेर शांतता.

पुन्हा गाणं. पुन्हा तीन मुसळं. बाहेर शांतता.

पुन्हा गाणं. "...कोण होतं दारापाशी?"

धप्प...

"मी," बाहेरून आवाज आला. "मी होतो दारापाशी."

मुसळं थांबली. सकाळपासून पहिल्यांदा कोठीत कसलाही आवाज नव्हता.

आजोबा दाराशी तोंड लावून बोलत होते. ते आईशी बोलत नव्हते.

"एकवीस वर्सं झाले. अकाल-दुकाळाचं साल होतं. तुमी पदरात मूठभर तांदूळ बांधले, म्हून मालकानं तुमाले कोंडलं. सारं धान कांडून होईपर्यंत उघडू नोको म्हणे, अना भंडाऱ्याले कोर्टाच्या तारखेवर चालला गेला. तवा कोठीची राखण माह्याकडं होती, चाबी माह्या कमरेले होती. दोन दिसांत येतो म्हणे, अकरा दिसांनी आला. आत पाणी नव्हतं, मले मालूम होतं. तुमी तिघी गाऊन राहिल्या होत्या. मंग दोघी. मंग एकच. सारं गाव आयकून गेलं. मी इथंच बसून होतो. उघडलं असतं तं शेत गेलं असतं. घरी लहान लेकरं होते."

मग दगड वाजू लागला. कुलूप तुटलं. उजेड आत आला, आणि आजोबांना आई दिसली. तिच्यामागच्या त्या दोघीही दिसल्या असाव्यात, कारण त्यांनी हात जोडले.

ते आईजवळ आले आणि दोन्ही हात पुढं केले.

"आण ते इकडं."

आईची बोटं सुटली. मुसळ त्यांच्या हातात गेलं.

"जा. लेकरू उपाशी हाय. पण पोरी, दार लोटू नोको. उघडंच राहू दे. तीन ओळी म्हणतो अना येतो."

आई धावत उन्हात आली.

आईनं ही गोष्ट मला जन्मभरात तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा ती इथंच संपवली. मामंजीनं सोडवलं, मामंजी गेले. कोणी आत पाहिलं तेव्हा आजोबा उखळाशी बसलेले होते, प्राण गेलेला, मुसळ दोन्ही हातांत घट्ट. बोटं काही केल्या सुटेनात. शेवटी मुसळासकटच सरणावर ठेवलं. भुईवरच्या धुळीत आईची पावलं होती, जाणारी आणि येणारी. आजोबांची बाहेर पडणारी नव्हती. तिसऱ्या कोणाचीच नव्हती.

मीही तीच गोष्ट धरून चाललो होतो. आजोबांचा मला अभिमानसुद्धा होता. खोटं कशाला सांगू?

२०१२ साली आई शेवटच्या आजारात होती. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं.

"टेकचंद, दार मी लावलं."

मला कळलं नाही.

मग तिनं सांगितलं. ती उन्हात आली, आणि मागं पुन्हा मुसळ पडलं. तिनं वळून पाहिलं. आजोबा गात होते. तीन ओळी झाल्या, तसे ते मुसळ धरूनच दाराकडे निघाले. त्यांच्या मागून त्या दोघीही निघाल्या. त्यांच्या डोक्यावरचे पदर खाली आले होते. पदराखाली काय दिसलं, ते आईनं तेव्हाही सांगितलं नाही.

तिनं दोन्ही फळ्या ओढल्या आणि कडी घातली. कडीत काटकी खुपसली.

आतून आवाज आला, "देवका... कडी काढ वं."

थोड्या वेळानं पुन्हा. "देवका, पोरी..."

तिसऱ्यांदा त्यांनी हाक मारली नाही. त्यांनी गाणं म्हटलं.

आई कडीवर हात ठेवून उभी होती. मग ती घरी आली आणि तिनं मला पाजलं. आजोबा कुठं आहेत, हे तिनं ऊन कलल्यावर सांगितलं. कडी कोणी घातली, हे गावात कोणी विचारलं नाही. न विचारण्यात आमचं गाव पहिल्यापासून पटाईत.

"मी होती दारापाशी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "माय, तू काय करशील? घरी मी उपाशी होतो."

 ती म्हणाली, "मामंजीच्या घरीबी लेकरं होते, बापू."

चार दिवसांनी ती गेली.

आता राहिलेलं सांगतो, मग तुम्ही सुटलात.

जुनी कोठी कधीच पडली. त्या जागेवर आता राईस मिल आहे. तिथला जुना हमाल चुन्नीलाल माझा शाळेतला विद्यार्थी. त्यानं मला मागंच सांगितलं होतं. दुपारी वीज गेली, मशीन थांबली की कांडणाचा आवाज येतो. दोन बाया गातात आणि एक म्हातारा. मी त्याला गप्प केलं होतं. आईला तर हे कधी कळूच दिलं नाही.

आईची तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी चुन्नीलाल घरी आला. आनंदाची बातमी आणल्यासारखा ओट्यावर बसला.

"गुरुजी, बुढ्याचा आवाज बंद झाला. सुटला वाटते बिचारा."

"बरं झालं," मी म्हटलं.

"आता तिघीही बायाच हायेत." त्यानं डोकं खाजवलं. "तिसरीचा आवाज आयकल्यासारखा वाटते, गुरुजी. कोणाचा, ते आठवून नाही राहिलं."

मी त्याला चहा दिला. विषय बदलला.

कांडणाची रीत तुम्हाला आता माहीत आहे. मुसळ खाली ठेवता येत नाही. कोणीतरी जाऊन ते तिच्या हातून घ्यावं लागतं. भाऊ नाही, बहीण नाही. तिला मी एकटाच. आणि दार लावलं ते माझ्यासाठी.

मिल माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली.

काल दुपारी वीज गेली. पंखा थांबला. मी उठलो, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो. वारा तिकडूनच होता... ऐकू आलं. तिसरी ओळ झाली आणि त्या थांबल्या. मीही थांबलो.

मग मी घरात आलो आणि दार लावून घेतलं.